आत्याचा कान

हॉलमधल्या टीव्हीसाठी पाच स्पीकरचा सेट निवडायला आत्याही निघाली, तेव्हा मी नाक मुरडलं. जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार?

दुकानदाराने ढगांचा गडगडाट लावला. काचा थरथरल्या. आत्या डोळे मिटून बसली होती.

"मागचा डावा मुका आहे," ती म्हणाली.

"काकू, अख्खं दुकान हादरतंय!" तो हसला. पण वाकून बघतो तर काय, वायर निसटलेली! त्याने ती जोडली, तशी आत्याने मान डोलावली. "हाच बांधून द्या."

"माझी सख्खी आत्या आहे," मी उगाचच मोठ्याने म्हणाले.

"काकू, हे शिकलात कुठे?"

"चाळीस वर्षं मशीनचं ऐकून घेतलंय," आत्या म्हणाली. "माणसांचं मात्र कधीच नाही."