करवतबाई आणि दाजींचं प्लॅटिनम

अंगठ्या घडवण्यात तिची उभी हयात गेली, पण नाव पडलं ते अंगठ्या कापण्यावरून. कुणाचं बोट सुजलं, अंगठी रुतली, साबण, तेल, दोरा असं सगळं करून झालं, की दवाखान्यातली नर्स म्हणायची, "करवतबाईंना बोलवा." मग ती दुकानाचं शटर ओढून, एका चपट्या डब्यातली दातेरी चकतीची छोटी करवत घेऊन निघायची.

धातूंबद्दलची तिची मतं याच कामातून तयार झालेली. सोनं तिच्या मते समजूतदार. चकतीचे थोडे फेरे झाले, की बाजूला होतं. चांदी तर आधीपासूनच तयारीत असते. पितळेचा वास हाताला लागतो आणि जेवतानाही सोबत करतो. स्टील हट्टी, चकतीचे दातच खातं. प्लॅटिनम चिंगमसारखं चकतीला चिकटतं, तापतं आणि चांगली दहा मिनिटं घेतं. टंगस्टन तर कापलं जातच नाही. ते पकडीत धरून दाबत जायचं, मग काचेसारखं फुटतं. एका गिऱ्हाइकानं ते कधीच तुटत नाही म्हणून घेतलं होतं. करवतबाईनं तुकडे मोजून त्याच्या तळहातावर ठेवले.

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, धातूंबद्दल भरपूर बोलायचे. लग्नात ताईला आपण प्लॅटिनमची अंगठी घातली, हे त्यांनी तीस वर्षांत पाहुण्यांना, शेजाऱ्यांना आणि एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. करवतबाईनं पहिल्याच दिवशी रंग पाहिला होता. प्लॅटिनमला राखाडी झाक असते; ही दुधासारखी पांढरी होती. पण अंगठी हातात घेऊन बघण्याची इच्छा तिनं कधी दाखवली नाही.

मग ताई जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. तासाभरात बोटं वांग्यासारखी फुगली, जांभळीसुद्धा झाली. करवतबाई दवाखान्यात पोचली तेव्हा दाजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

"सांभाळून हं," ते म्हणाले. "प्लॅटिनम आहे."

"हो दाजी," ती म्हणाली.

अंगठीखाली पट्टी सरकवून तिनं चकती टेकवली. दुसऱ्याच फेऱ्यात हाताला कळलं. दहा मिनिटांचं नाटक करता आलं असतं, पण बोट थांबायला तयार नव्हतं. मिनिटभरात अंगठी निघाली.

"एवढ्यात?" दाजींनी विचारलं.

"चकती नवीन आहे."

दाजी औषधं आणायला खाली गेले. ताई छताकडे बघत म्हणाली, "चांदीच ना?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, काळी पडायची. दर रविवारी ते आंघोळीला गेले की टूथपेस्टनं घासते. तीस वर्षं झाली. त्यांना बोलू नकोस काही. होती तशीच जोडून दे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दाजी पायरीवर हजर.

"त्या दुकानदारानं प्लॅटिनम म्हणून दिली होती," ते म्हणाले. मग बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिले. "म्हणजे, तसं सांग असं मीच त्याला म्हणालो होतो. आता खरी करून दे. पण हिला कळता कामा नये."

करवतबाईनं दोघांनाही "बरं" म्हटलं होतं. एक अंगठी चांदीची आणि प्लॅटिनमचीही कशी असावी, यावर तिनं दोन दिवस विचार केला. मग काळा चष्मा लावला आणि मोठी ज्योत पेटवली, कारण सोन्याच्या ज्योतीला प्लॅटिनम दाद देत नाही. जुनीच नक्षी, जुनंच माप. झाल्यावर दोन्ही तराजूत ठेवून पाहिल्या. नवी जवळजवळ दुप्पट भरली. त्यावर इलाज नव्हता.

प्लास्टर निघाल्यावर ताईनं अंगठी घातली. हात जरा वरखाली केला.

"जड लागतेय गं."

"सूज असेल अजून."

ताईनं स्वतःच्या बारीक, सुरकुतलेल्या बोटाकडे पाहिलं, मग दाजींकडे. दाजी वर्तमानपत्र वाचत होते, उलटं नव्हतं, पण पान कालचं होतं.

"असेल," ताई म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

त्यानंतर दाजींनी अंगठीचा विषय कधी काढला नाही. महिन्याभरानं घरी आलेल्या एका पाहुणीनं ती निरखून विचारलं, "कशाची हो ही?"

"असेल काहीतरी," दाजी म्हणाले, आणि चहाचं आत सांगायला उठले.