मावशीनं म्हावरं सोडलं

आमच्या ह्यांच्या मावशीएवढी निर्लज्ज बाई काशीदपासून मुरूडपर्यंत दुसरी सापडायची न्हाय, आन् माझं म्हणणं हाय की अशी घरटी एक तरी असावी. आमच्याकडं बायका खालचं दुखणं जावेलासुद्धा सांगत न्हायत, आन् मावशी म्हावऱ्याची पाटी मांडून बसली की बांगडा दाखवता दाखवता गिऱ्हाइकणीला विचारणार, "काय गो, अंगावरून पांढरं जातं का तुज्या? पाळी नसताना रगात?" बाप्ये मान खाली घालून पळतात, तर त्यांच्या मागनं वरडते, "बायकोला विचार आन् ये." एस्टीत बसली तरी तेच. एकदा तर कंडक्टर तिकिटं सोडून पुढं डायवरपाशी जाऊन उभा ऱ्हायला.

मलाही तिनं असंच धरलं, नळावर, चारचौघींत. माझं रगात जात व्हतं, धाकटी अंगावर पीत व्हती, मी म्हटलं बाळंतपणाचंच असंल, तर म्हणाली, "तुजी सासू बी हेच म्हणायची." सासूला मी फोटोतच बघितलीय. मावशीची थोरली भैन ती, गर्भपिशवीच्या तोंडाच्या क्यान्सरनं गेली, हाताबाहेर जाईपर्यंत कुणाला न सांगता. मंग मी आदुगर रडले, आन् मावशीच्या मागनं अलिबागच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण बाईंनी आतला बारका तुकडा काढला. म्हणाल्या, पेशी बिघडायला निघाल्या की त्यांच्यात एक प्रोटीन साठतं, तुकड्याला रंग लावला की ते दिसतं, मंग किती पुढं गेलंय ते कळंल. माझ्या दोन्ही पोरी माझ्या डोळ्यांपुढं, मला धड काय ऐकू आलं न्हाय. मावशीनं बरोबर ऐकलं. प्रोटीन साठलंय. आन् प्रोटीन म्हंजे काय ते अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेलंच हाय, आंडी, डाळ, मासे. घरी आल्या आल्या माझं म्हावरं बंद, आंडं बंद, डाळ बंद, नुसती भाकरी आन् कोकमाचं सार. मी म्हटलं, मावशे, पोरीला दूध कुठनं येणार, तर म्हणाली, "दूध मी इकत आणीन, आई कुठनं आणू?" आन् मला एकटीला जाच नको म्हणून तिनं सोताही सोडलं. सकाळभर पापलेट इकायची आन् दुपारी सार-भाकरी खायची. शेजारची कोळीण चिडवायची, "काय गो, तुजा श्रावण संपला न्हाय का अजून?" मावशी म्हणायची, "औंदा लांबलाय."

मंग रिपोट आला. बाई म्हणाल्या, रंग चढलाय, पेशी वाईट वाटेला लागल्यात, पण वरच्याच थरात हायत, आत उतरल्या न्हायत, अजून क्यान्सर झालेला न्हाय. तेवढा भाग काढायचा आन् तपासणीला येत ऱ्हायचं. मावशी पदर सावरून म्हणाली, "उतरंल कसं? आम्ही प्रोटीनला हात लावला न्हाय."

बाईंना समजायला जरा येळ लागला. मंग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो मावशी, हे ताटातलं प्रोटीन नव्हे. ते पेशी स्वतःच बनवतात. पाजणारी बाई आहे, तिला मासे खाऊ दे."

"मंग दुसरं नाव ठेवायचं ना तेला," मावशी म्हणाली.

बाई हसल्या, आन् हसता हसता इचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी केलीत, मावशी?"

मावशी हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत बसली. सगळ्या गावाला इचारत फिरणारी बाई, तिला कुणी इचारलंच नव्हतं, मीसुद्धा. मी उठले, तिचा हात धरला. माझा भाग काढायचा अजून बाकी हाय, भ्या मलाही हायच, पण त्या दिवशी तपासणीच्या पडद्यापर्यंत मी तिला नेली. तिथं थांबून तिनं माझ्याकडं बघितलं, आन् तिचा मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात तिनं इचारलं, "लय दुखतं का गो?"