वाक्याखालचं नाव

संगीताचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटात, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे उभी होते. शनिवारची सकाळ, मागे रांग, हातात अर्धी रिकामी झालेली पिशवी. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?" ...तळघरात सायकलचं चाक काढता काढता तिचा नवरा विलास खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. चोपन्न वर्षांचा होता. मी ट्राम धरून तिच्या घरी पोचेपर्यंत आमच्या स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी पसरली होती. तिच्याखाली कुणीतरी पहिलाच प्रश्न टाकला होता : कन्फर्म आहे का? एरवी हा प्रश्न विलासच विचारायचा.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, तर एक कबुली आधी द्यायला हवी. तो गेला त्याच्या आधीचे आठ महिने आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललो नव्हतो. पस्तीस वर्षांची मैत्री एका वाक्याच्या भांडणावर अडली होती, आणि ते वाक्य आमच्या दोघांचंही नव्हतं.

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तो माझ्या चार वर्षं आधी जर्मनीत आला. मी आले तेव्हा माझ्या पहिल्या घराचा करार, मीटफरट्राग, त्यानं शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचला आणि त्यातल्या दोन चुका घरमालकिणीला दाखवल्या. ती बाई आधी चिडली, मग त्याला कॉफी पाजली. तो ब्रेकचे भाग तपासणाऱ्या विभागात कामाला होता. दिवसभर यंत्रावर भाग झिजवायचे, मोजायचे आणि अहवालावर सही करायची. 'मोजलं नाही ते लिहायचं नाही,' हा त्याचा कामाचा नियम होता, आणि हळूहळू तो त्याच्या सगळ्या जगण्याचाच नियम झाला. ग्रुपवर कुणी औषधी काढा टाकला, जुना फोटो टाकला, कुणा थोर माणसाचा विचार टाकला, की खाली विलासचा एका शब्दाचा प्रश्न यायचा : 'क्वेले?' म्हणजे मूळ कुठलं, संदर्भ काय. जर्मनमध्ये झऱ्यालाही हाच शब्द आहे. मंडळातली इथं वाढलेली मुलं त्याला 'ओंकेल क्वेले', क्वेलेकाका, म्हणायची. मोठी माणसं मागे काय म्हणायची ते इथं लिहीत नाही.

मागच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बातम्यांनी इथल्या कॅन्टीनमधली जेवणंसुद्धा ढवळून निघाली. आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या तिकडच्या निर्णयांवर हलतात, त्यामुळे असेल, पण अचानक सगळ्यांना तिथल्या जुन्या राष्ट्राध्यक्षांचं प्रेम आलं. कोण काय म्हणून गेला, कुणी आधीच इशारा दिला होता, कोण खरा मोठा होता... रोज नवं वाक्य, खाली गंभीर चेहऱ्याचा जुना फोटो. विलासच्या जर्मन साहेबानंही एका बैठकीत असं एक वाक्य पडद्यावर लावलं. विलासनं हात वर केला. "हे त्यांनी कुठं म्हटलंय?" साहेब हसला, म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, चांगला प्रश्न," आणि पुढच्या स्लाइडवर गेला. विलास मात्र घरी जाऊन तीन दिवस शोधत बसला. मला म्हणाला होता, "लोकांना तो माणूस कसा होता हे नकोच आहे गं. तो आपल्या बाजूचा होता, एवढंच त्यांना हवं आहे."

तेव्हा मी हसले होते. त्याच्या घरातच असं एक वाक्य आहे, हे तोवर दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याचे वडील अकोल्याजवळच्या एका गावात मुख्याध्यापक होते. गाव त्यांना 'सर' म्हणायचं, मीही. त्यांच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर चहा यायचा आणि चहाबरोबर प्रश्न. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पारखून घ्यायचं, हे विलासला जर्मनांनी नव्हे, सरांनी शिकवलं होतं. आणि याच सरांनी शाळेच्या भिंतीवर एक उतारा रंगवून घेतला होता. शिक्षण आणि माणूसपण याबद्दलच्या दहा-बारा ओळी. खाली एका फार जुन्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचं नाव. ते नाव मी लिहीत नाही, त्या बिचाऱ्याच्या नावावर आधीच लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात सर तो उतारा वाचायचे आणि प्रत्येक वर्षी शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज भरून यायचा. मोठ्या देशाच्या मोठ्या माणसानं आपल्या पोरांसाठी काही म्हणून ठेवलंय, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

दोन वर्षांपूर्वी शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरला. तो उतारा दगडात कोरून दाराशी लावायचा आणि सरांच्या हातून त्याचं अनावरण करायचं, असा बेत होता. समितीनं विलासला कळवलं, तुम्ही परदेशात आहात, मूळ इंग्रजी तेवढं मिळवून द्या, तेही खाली कोरू. विलास हरखला. वडिलांसाठी आपल्या हातून काही होतंय म्हणून त्यानं सुट्टीसुद्धा काढली. ग्रंथालयं पाहिली, भाषणांचे खंड चाळले, अमेरिकेतल्या एका संग्रहालयाला लिहिलं. तिकडून सभ्य उत्तर आलं, की अशी विचारणा त्यांच्याकडे वारंवार होते, पण हा मजकूर त्यांच्या कुठल्याही कागदात नाही. त्यानं आणखी दोन ठिकाणी विचारलं. तेच उत्तर.

त्या रविवारी आम्ही शहरावरच्या टेकडीच्या द्राक्षमळ्यांतून फिरायला गेलो होतो. स्टुटगार्टच्या त्या उभ्या पायऱ्या चढताना तो एकदम थांबला. "बाबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," मी म्हणाले. "इंग्रजी मिळालं नाही म्हण. मराठीच कोरू दे. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते."

"दगडात कोरणार आहेत गं. दगडात."

"मग कोरू दे की. शब्द वाईट आहेत का?"

"शब्दांचं नाही म्हणत मी. खाली नाव आहे."

पुढच्याच रविवारी दुपारी त्यानं व्हिडिओ कॉलवर सरांना सांगितलं. संगीता शेजारी बसली होती, तिच्याकडून मला कळलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. संग्रहालयाचं उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना खोटं सांगितलं." विलास म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा." त्यावर सर म्हणाले, "विचारलं नाही, हेच तर." आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठले.

सर सुवर्णमहोत्सवाला गेले नाहीत. दगडाचा बेत बारगळला. समितीतल्या एकानं विलासला लिहिलं, की परदेशात राहून तुम्हाला आपल्या शाळेची किंमत राहिली नाही. त्या पत्राचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वाटत होतं ते फोनवरच्या गप्पांचं. दर रविवारी सर बोलायचे, पण ऊन फार आहे, गोळ्या घेतल्या, नात मैत्रेयीनं नीट अभ्यास करावा, एवढंच. एकही प्रश्न विचारायचे नाहीत. ज्या माणसाच्या घरी चहाबरोबर प्रश्न यायचे, त्यानं प्रश्न विचारणं सोडलं होतं. वर्षभरानं झोपेतच ते गेले.

अकोल्याहून परत आला तेव्हा विलासच्या फोनमध्ये एका पोस्टकार्डाचा फोटो होता. अंत्यविधीला आलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं त्याला ते कार्ड दाखवलं होतं. सरांचं थरथरतं अक्षर. 'चि. प्रमोद, शाळेत मी दरवर्षी जो उतारा वाचून दाखवत असे, तो त्या राष्ट्राध्यक्षांचा असल्याचा पुरावा मिळत नाही. चूक माझी. उतारा पटत असेल तर ठेवावा. नाव खोडावे.' अशी कार्डं आणखी कितीजणांना गेली, कुणालाच माहीत नाही. विलासची बहीण म्हणाली, जेवण झालं की बाबा हजेरीच्या जुन्या वह्या काढायचे, पत्ते विचारत फिरायचे, आणि लिहायला बसायचे. विलासला सांगू नको, एवढं बजावलं होतं.

त्याच द्राक्षमळ्यात, त्याच पायऱ्यांवर त्यानं मला तो फोटो दाखवला. वारा होता, दोघांची नाकं लाल झाली होती. "तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं. "बाबांनी हे रागानं केलं असेल, की..."

त्याला त्या 'की'च्या पुढचं काहीतरी माझ्याकडून ऐकायचं होतं. मला ते आज कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त वह्या घेऊन दारोदार पत्ते विचारणारा म्हातारा माणूस होता. मी म्हणाले, "शेवटचं वर्ष तू त्यांना चुका दुरुस्त करायला लावलंस, विलास. तुझ्या एका क्वेलेपायी."

त्यानं फोन खिशात ठेवला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "आल्झो, तर मग..." म्हणाला. मग "बरोबर आहे तुझं," म्हणून पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळीचा एक निरोप, बस.

ते कार्ड मी आता पुन्हा पुन्हा वाचते. संगीतानं मला तो फोटो पाठवलाय. 'चूक माझी' असं सरळ लिहिणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. कधी वाटतं, सरांनी आयुष्यातला सगळ्यात चांगला तास त्या कार्डांवर घेतला. कधी वाटतं, नाही, ते दुखावलेले होते आणि दुखणं लिहून काढत होते. कदाचित दोन्ही. पण हे 'कदाचित' मला त्या पायऱ्यांवर सुचायला हवं होतं. आता सुचून त्याचा कुणाला काय उपयोग?

मंडळानं विलाससाठी सभा घेतली. भाड्याचा हॉल, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं. समोर त्याचा मोठा फोटो होता, आणि फोटोखाली सत्याबद्दलचं एक देखणं वाक्य, त्याखाली त्याचं नाव. मी ते दोनदा वाचलं. त्याची मुलगी मैत्रेयी माझ्या शेजारी होती. सतरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण बोलते जर्मनमध्ये. तिनं हळूच विचारलं, "हाट पापा दास गेझाग्ट?" पप्पा असं म्हणाले होते? मी उठून, फोटो तयार करणाऱ्या प्राजक्ताला गाठलं. ती गोंधळली. "ताई, नेटवर मिळालं. म्हणाले नसतील, पण त्यांना शोभून दिसतं ना?"

तेवढ्यात संगीता आली. डोळे सुजलेले. फोटोकडे बघत म्हणाली, "किती छान म्हणायचे ना हे... मला कधी बोलले नाहीत असं. तुला म्हणाले असतील."

आणि मी म्हणाले, "असेल."

ती रात्रभर त्या एका शब्दावर जगली असेल, असं मला वाटत राहिलं. तो फोटो ग्रुपवर गेला. मग हॅम्बर्गच्या मंडळातून कुणीतरी तो मलाच पाठवला, त्यात विलास शास्त्रज्ञ झाला होता. कार्ल्सरूहेहून एका विद्यार्थ्यानं खाली हात जोडले होते. वाक्य आपलं चाललं होतं, त्याचं नाव खांद्यावर घेऊन, आणि त्याला अडवायला तो स्वतः नव्हता.

गेल्या रविवारी मी संगीताकडे गेले. मैत्रेयी घरी होती, बरं झालं. मी चहा हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं : ते वाक्य विलासचं नाही, आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. मैत्रेयीनं मान हलवली, तिला ठाऊकच होतं. संगीता बराच वेळ टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. तिच्याकडून मी काहीतरी हिरावून घेत होते, आणि ते मला दिसत होतं. विलासलाही सरांशी झालेल्या त्या कॉलवर असंच दिसलं असणार.

"मग तुला काय म्हणाले होते ते सांग," ती म्हणाली. "शेवटचं. खरं असेल ते."

मला आठवावं लागलं नाही. तो जाण्याच्या दोन आठवडे आधी स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात आम्ही समोरासमोर आलो होतो. दोघंही क्षणभर अवघडलो. मग टोपलीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "कढीपत्ता ताजा आलाय. घेऊन ठेव." मी 'हो' म्हणाले आणि तांदळाच्या कप्प्याकडे वळले. एवढंच.

संगीताच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच मोडलं. "हे अगदी ह्यांचं आहे," ती म्हणाली. "आणि तू घेतलास का गं?"

"नाही."

ती उठली. फ्रीजरचा खालचा कप्पा ओढून एक छोटी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. पिशवीवर त्याच्या अक्षरात फक्त 'कढीपत्ता', आणि आम्ही दुकानात भेटलो त्या दिवसाची तारीख. आम्ही तिघी ती पिशवी मध्ये ठेवून बसून राहिलो. पानांवरचा बर्फ सुटायला लागला, तेव्हा संगीतानं ती उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा आत ठेवली.