चपलांची टोकं

मणक्यांचे उपचार करणारी ती बाई आमच्या भागात 'मणकेवाली ताई' म्हणून ओळखली जाते. मी मात्र तिला अजून बुटकीच म्हणते. हे नाव तिच्या थोरल्या भावाने ठेवलेलं. मी शिकवायचे त्या वर्गात होती तेव्हा फळा पुसायला तिला खुर्ची लागायची. आता रोग्याच्या पाठीपर्यंत पोचायला पायाखाली लाकडी फळी लागते. बाकी हात असे, की दुखरी जागा सांगण्याआधीच सापडावी.

तिचं टेबल कुणी पाहिलं नसेल तर सांगते. त्यावर पालथं झोपायचं आणि तोंड टेबलाला असलेल्या गोल भोकात ठेवायचं. मग दिसते ती फक्त फरशी. कमरेखालचा भाग बिजागरीवर असतो. तो ती हलकेच खाली झुकवते आणि दुसऱ्या हाताचा तळवा कमरेवर ठेवते. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली असेल तर तेवढ्याने त्या नसेला जरा श्वास मिळतो. बरेच जण 'कडकड' आवाज ऐकायला येतात आणि हिरमुसून जातात. "पाठ आहे काका, काकडी नव्हे," असं ती त्यांना सांगते.

माझी सायटिकाची कळ कमरेतून निघून पोटरीत उतरायची, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे पालथी झोपले. भोकातून फळीवरचे तिचे पांढरे बूट दिसत होते. फळीच्या पलीकडे, फरशीवर, पुरुषी चपला होत्या आणि त्यात पाय होते. तपकिरी चपला, उजवीची बाहेरची कड झिजलेली, पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. मदतनीस असेल असं मला वाटलं. उठले तर खोलीत आम्ही दोघीच.

"तुझा मदतनीस फार अबोल आहे गं."

टॉवेलाची घडी घालणारे तिचे हात थांबले. "टोकं कुठे होती, बाई?"

"कसली टोकं?"

"चपलांची."

"माझ्याकडे."

"मग ठीक," ती म्हणाली आणि घडी पुरी केली.

त्या चपला तिच्या मामांच्या. दवाखाना त्यांचाच, आणि विद्याही त्यांनीच दिलेली. स्वतःच्या जुन्या सायटिकामुळे ते उजवा पाय ओढत चालायचे. बोलणं कमी. एखाद्या पाठीला हात लावू नये असं वाटलं की वाद घालायचे नाहीत. वळायचे, दार उघडायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे. रोग्याने काय ते समजून मोठ्या इस्पितळात जावं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ते गेल्यावर थोड्याच दिवसांत एक शिंपी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, "तुमचे साहेब निघाले वाटतं दाराकडे." तिने तिथेच हात मागे घेतला आणि त्याला पाठीचा एक्स-रे काढायला पाठवलं. मणक्याला चीर होती. तेव्हापासून ती प्रत्येकाला तपासते, नेहमीचे प्रश्न विचारते आणि शेवटी म्हणते, "खाली काय दिसतंय?" बरेच जण म्हणतात, तुमचे बूट. काही जण चपलांचंही सांगतात. तिला स्वतःला ते कधीच दिसले नाहीत.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"मामांची भीती जिवंतपणी वाटायची, बाई. आता सवय झाली."

तिचा भाऊ शाळेची बस चालवायचा. सुट्टीत टायर उचलताना त्याची कमर धरली आणि कळ पायात उतरली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी तो भिंत धरत धरत आला. मी पडद्याआड कमरेला शेक घेत बसले होते. पडदा अर्धाच ओढलेला, त्यामुळे टेबलाखालचंसुद्धा सगळं दिसत होतं.

"बुटके, एक जोरदार झटका दे आणि मोकळा कर. उद्या स्टिअरिंगवर दिसलो नाही तर मालक चावी दुसऱ्याला देणार. तो दुसरा फाटकात येऊन उभासुद्धा राहिलाय."

तिने खोलीचं दार लावलं, कडी घातली. "दोन्ही पाय दुखतात का, दादा? बसायची जागा बधिर वाटते? लघवीला त्रास?"

"अगं, बाई बसल्यात तिकडे! असलं विचारतात?"

"विचारतात. सांग."

"सगळं झकास आहे. डिग्री काय भिंतीवर टांगायला घेतलीस? लाव हात."

तो कण्हत पालथा झाला. ती फळीवर चढली.

"खाली काय दिसतंय?"

हा प्रश्न आणि त्याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाला, "मामा. टोकं माझ्याकडे. एकदम सरळ."

तिचा तळवा त्याच्या कमरेवर टेकला. मी बघत होते. भार देण्यासाठी तिचे खांदे पुढे झुकले आणि तसेच राहिले. मग जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. फळीवरून उतरली, गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली वाकून भोकातला त्याचा चेहरा पाहिला.

चेहरा घामाने निथळत होता. डोळे फळीपलीकडच्या जागेकडे नव्हतेच. ते तिच्या खांद्यावरून दाराकडे लागले होते.

मीही तिकडे पाहिलं. कडी घातलेलं दार सताड उघडं होतं. वारा नव्हता, पडदाही हलत नव्हता.

"दादा, कुठे आहेत ते?"

"बाहेर," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उंबऱ्यापलीकडे. पाठ करून उभे आहेत. मी झोपलो तेव्हापासून."

"आणि बाकीचं?"

"सकाळपासून लघवी झाली नाही गं. दोन्ही पायांत जोर नाही. खाली हात लावला तरी कळत नाही." मग घाईघाईने, "पण उद्या बस..."

"बसला ड्रायव्हर मिळेल. उठू नकोस."

अ‍ॅम्ब्युलन्स मी बोलावली. तिने त्याचं डोकं धरून ठेवलं होतं. ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. सरकलेल्या गादीने कमरेतल्या नसांचा सगळा जुडगाच दाबून धरला होता. आणखी वेळ गेला असता किंवा त्यावर झटका बसला असता, तर पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचे गेले असते, असं सर्जन म्हणाले. तिने मान हलवली. मामांचं नाव काढलं नाही.

चावी दुसऱ्याकडे गेली ती गेलीच. भाऊ आता बसच्या शेडमध्ये गाड्या तपासून सोडतो. चालतो, पण उजवा पाय जरा ओढतो. मागच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याने दाराशी काढलेल्या चपला माझ्या नजरेस पडल्या. उजवीची बाहेरची कड झिजू लागली आहे. तिला मी ते सांगितलं नाही. तिला ते दिसलं नसेल असं मात्र नाही.

तो टेबलावर पालथा झाला.

"खाली काय दिसतंय, दादा?"

"टोकं माझ्याकडे. आईशप्पथ, या खेपेला खरं."

ती तरीही फळीवरून उतरली. त्याचे डोळे पाहण्यासाठी गुडघ्यांवर बसली आणि वाकताना आधाराला तिने फरशीकडे हात नेला.

"जपून," भोकातून भावाचा आवाज आला. "त्यांच्या पायावर पडेल."

तिने हात उचलला आणि जरा बाजूला टेकवला.