खात्यातल्या कुमुद मावशी

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याने घर बघावं, छान छान म्हणावं आणि पानावर बसावं, अशी आपली रीत. कुमुद मावशी घर बघायच्याच नाहीत. थेट स्वयंपाकघरात जायच्या, ग्रॅनाइटच्या ओट्यावरून तळहात फिरवायच्या आणि यजमानीणबाईंना विचारायच्या, "हा दगड कोणी कापला? ओला कापला का कोरडा?" नव्या घराच्या आनंदात असलेल्या त्या बाईला प्रश्नच कळायचा नाही. ती म्हणायची, "मावशी, ब्राझीलचा आहे. शेड किती रेअर आहे बघा ना!" मावशी "हौ का" म्हणायच्या आणि हात पदराला पुसायच्या.

त्या वर्षांत अमेरिकेत, आमच्या एडिसन आणि आयसेलिनच्या आसपास दर आठवड्याला कोणाकडे तरी वास्तुशांत असायची. बँका मागेल त्याला कर्ज देत होत्या आणि प्रत्येक नव्या घरात ग्रॅनाइटचा ओटा पाहिजेच असायचा. मावशींना मागून 'ओटा इन्स्पेक्टर' म्हणायचे. पुढे पुढे काही जण त्यांना आमंत्रण द्यायचं सोयीस्करपणे विसरू लागले.

२००१ मध्ये पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले, तेव्हा मी त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं सोडलीच नाही. मावशी मूळच्या नागपूरच्या, रसायनशास्त्रातल्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात कामगारांच्या आरोग्याची तपासणी करायचं काम त्या करत होत्या. दगड कापताना जी बारीक धूळ उडते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं घट्ट होत जातात. पात्यावर पाण्याची धार सोडून दगड कापला तर धूळ उडत नाही. मावशींच्या सगळ्या नोकरीचा सारांश या दोन वाक्यांत सांगता येतो.

शनिवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी चालायची. फी नाही, पोहे फुकट. राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या मंडळाला काय म्हणतात, हा त्यातला एक ठरलेला प्रश्न. सगळे एका सुरात "मंत्रिमंडळ!" म्हणायचे. मावशी मान डोलवायच्या. "तिथे हेच सांगा, पास व्हाल. आता खरं काय ते ऐका. इथला मंत्री लोकांनी निवडलेला नसतो. राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण सिनेट त्याला समोर बसवून उलटसुलट विचारते, मगच तो मंत्री होतो. पुढेही त्याला बोलावून जाब विचारता येतो. जवळच्या सल्लागाराला कोणी विचारत नाही. त्याच्या हाताखाली खातं नसतं, कागदावर त्याची सही नसते. त्याला फक्त राष्ट्राध्यक्षाच्या कानापर्यंत जाता येतं."

"मग मोठा कोण, मावशी?" एकदा एका काकांनी विचारलं.

"भाजी निवडणार, चिरणार, फोडणीला टाकणार खातं. पानावर बसून 'ही नको, झाकून ठेवा' म्हणणार सल्लागार. आणि उपाशी राहिल्यावर लोक शिव्या देणार ते स्वयंपाकीणबाईला. आता तुम्हीच ठरवा मोठा कोण ते."

सगळे हसले. मावशी अजिबात हसल्या नाहीत, कारण त्यांची भाजी तेव्हा वर्षभर वॉशिंग्टनला झाकून पडलेली होती.

त्याचं असं झालं. त्यांच्या खात्याने एक नियम तयार केला होता. देशातल्या प्रत्येक कारखान्यात दगड ओलाच कापायचा, एवढाच. त्यासाठी मावशी आणि त्यांचे सहकारी कितीतरी कारखान्यांतून हिंडले होते. अशाच एका कारखान्यात त्यांना लुईस भेटला. वय तिशीच्या आतबाहेर, मेक्सिकोहून आलेला, देखणा माणूस. त्याला जिना चढता येत नव्हता. दोन पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राहायचा आणि लाजल्यासारखं हसायचा. मावशी सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी जायच्या, कधी मला घेऊन. त्याची बायको रोसा आम्हाला कॉफी द्यायची आणि दर वेळी तेच विचारायची, "नियम कधी येणार?" लुईसला आता त्याचा उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. पण तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कामाला लागला होता.

नियम खात्यातून पुढे गेला. मंत्र्यांच्या टेबलावरून राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांकडे गेला आणि तिथून परत आला तो एक वाक्य घेऊन, 'या विषयावर अधिक अभ्यास आवश्यक आहे.' मावशींनी अधिक अभ्यास करून पाठवला. पुन्हा तेच वाक्य. ते लिहिणारा कोण, हे मावशींना वॉशिंग्टनच्या एका मैत्रिणीकडून कळलं, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तो होता निखिल. आमच्या एडिसनच्याच डॉक्टर काका-काकूंचा मुलगा. वकिलीची पदवी, पंचविशी नुकतीच ओलांडलेली, निवडणुकीच्या प्रचारात भाषणं लिहिता लिहिता सल्लागारांच्या कचेरीत पोचलेला. दगडाचा कारखाना त्याने आयुष्यात बघितला नव्हता. लहानपणी मावशींनीच त्याला आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मिशी चिकटवली होती.

आता आमच्या मंडळाचा पराक्रम ऐका. आपला मुलगा थेट राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांत गेला म्हणून त्या गणेशोत्सवात त्याचा सत्कार करायचा ठरला. शाल, श्रीफळ, सगळं साग्रसंगीत. आणि सत्कार कोणाच्या हस्ते? कार्यकारिणीने डोकं चालवलं. आपल्यात सरकारी नोकरीतलं सगळ्यात ज्येष्ठ माणूस कोण? कुमुद मावशी! मंडळाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "मावशी, तुम्ही दोघंही गव्हर्नमेंटवाले! याहून बेस्ट कॉम्बिनेशन काय असणार?" खातं कोण, सल्लागार कोण, कोणी कोणाचं काय अडवलंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. माहीत असतं तरी फरक पडला नसता असं मला आज वाटतं. मावशी म्हणाल्या, "येते."

शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह भरलं होतं. निखिल रेशमी कुर्ता घालून आला. मंचावर मावशींच्या पाया पडला. त्यांनी आशीर्वाद दिला. मग शाल हातात घेतली आणि माइकसमोर तशाच उभ्या राहिल्या.

"निखिल, तुला एक विचारू? दगड कापणाऱ्यांचा तो नियम परत कोणी पाठवला रे?"

तो गोड हसला. "मावशी, it's a process. खूप लोक इन्व्हॉल्व्ह असतात."

"हौ, पण लिहिलं कोणी?"

"ऑफिशियली तर सेक्रेटरीच डिसाइड करतात, तुमच्याच खात्याचे मंत्री. मी फक्त ॲडव्हाइस देतो. Really, ही ती जागा नाहीये ना."

"मग जागा कोणती बाप्पा? तुझ्या कचेरीत मला कोणी आत सोडत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कार्यकारिणीच्या एका वहिनींनी पुढे होऊन मावशींच्या हातातली शाल अक्षरशः ओढून घेतली आणि स्वतः निखिलच्या खांद्यावर घातली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं की जेवण तयार आहे, श्रीखंड ताजं आहे, गर्दी करू नये. आणि लोक उठले हो! त्या श्रीखंडासाठी उठले. एकानेही मावशींना विचारलं नाही की कोणता नियम, कोणते कामगार. निखिलबरोबर फोटो काढायला रांग लागली. आपापल्या मुलांना पुढे ढकलून आया सांगत होत्या, "See, दादासारखं व्हायचं!" मला त्या वासाची, त्या हसऱ्या चेहऱ्यांची, त्या वाटीतल्या पिवळ्या गोळ्याची शिसारी आली. अजून येते. यातले निम्मे लोक इंजिनिअर होते, डॉक्टर तर ढिगाने. धूळ फुप्फुसात गेल्यावर काय होतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात फोन आले ते सगळे मावशींनी मंडळाची अब्रू घालवली म्हणून. एक काकू तर म्हणाल्या, "जळतात त्या. स्वतःचं मूल नाही ना." मावशींनी हे ऐकलं, फोन ठेवला आणि कुकर लावला.

मी म्हटलं, "राजीनामा द्या आणि पेपरवाल्यांना सांगा सगळं. सोडा हे घाणेरडं काम."

"काम घाण नाही, मेघना. काम चांगलं आहे. मी उठले तर त्या खुर्चीत 'होय साहेब' म्हणणारा बसवतील. मग पुढच्या वेळी पाठवायला नियमच नसेल."

त्या हिवाळ्यात लुईस गेला. रोसाच्या भागातल्या छोट्या चर्चमध्ये आम्ही गेलो. प्रार्थना झाल्यावर रोसा मावशींचा हात धरून बसून राहिली. भाऊ मागे भिंतीला टेकून उभा होता आणि खोकत होता. मोडक्या इंग्रजीत रोसाने विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं नियम येणार. नाही कोण म्हणालं?"

मला वाटलं, आता मावशी नाव घेणार. मी मनातल्या मनात ते उच्चारलंसुद्धा.

मावशी म्हणाल्या, "माझं खातं."

रोसाने त्यांच्याकडे बघितलं आणि आपला हात सोडवून घेतला.

गाडीत मी भडकले. "खोटं का बोललात? ज्याने केलं तो शाली पांघरून मिरवतोय आणि तुम्ही त्याचं पाप अंगावर घेता?"

मावशी म्हणाल्या, "त्याचं नाव घेतलं असतं तर ती गेली असती कुठे? त्या पोराचं दार तिला जन्मात सापडणार नाही. माझ्या ऑफिसचं दार रस्त्यावर आहे. तिथे येऊन ओरडता तरी येतं. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं ते अशा ओरड्यालाच."

महिन्याभराने रोसा खरंच त्या दाराशी आली, हे मला मावशींच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं. बरोबर आणखी पंधरावीस बायका, कोणाच्या हातात नवऱ्याचा फोटो, कोणाच्या हातात भावाचा. दारासमोर बर्फात उभ्या राहून त्या खात्याच्या नावाने ओरडत होत्या. वर खिडक्यांतून सगळे बघत होते आणि बाहेर जायचं नाही असा वरून हुकूम आला होता. मावशींनी कोट चढवला, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून बाहेर गेल्या. रोसा त्यांच्याशी बोलली नाही, पण थोडी सरकून तिने जागा करून दिली. मावशी त्या बायकांमध्ये उभ्या राहिल्या, स्वतःच्या खात्याकडे तोंड करून.