पहिल्या टेपचा वेग

ठोक्या लिफ्टची कामं करतो. वय बावन्न, एकतीस वर्षं एकाच कंपनीत. बोटांच्या रेघांत बसलेलं ग्रीस आता कुठल्याच साबणाला दाद देत नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून एकदा त्याच्या ताब्यात असते. आधी तो गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत जातो, भिंतीला तळवा लावून मिनिटभर गप्प उभा राहतो, मग तेल, मग दोर, मग ब्रेक आणि शेवटी वहीत सही. त्यानंतर चौथ्या मजल्यावर माझ्याकडे चहा. इतर बायका डॉक्टरवर विश्वास ठेवतात, मी ठोक्यावर ठेवते. म्हणजे ठेवत होते. सध्या पुन्हा ठेवायला शिकते आहे.

ठोक्या हे नाव माझ्या मुलाने दिलं. तेव्हा दोघेही विशीत होते. माझा मुलगा गायचा, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. ठोक्या ड्रम वाजवायचा, आणि ताडासारखा वाढला म्हणून ज्याला सगळे बांबू म्हणायचे तो आणि त्याचा मावसभाऊ गिटार. बेस वाजवणारा त्यांच्याकडे कधी टिकला नाही. त्यांच्या संगीताला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात. "मरणाला चाल कशाला लावायची?" असं मी विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, चाल गिटारची. मरण माझ्या गळ्याचं." आणि होतंही तसंच. वर दोन गिटारी हातात हात घालून गोड चालायच्या आणि खाली माझा पोरगा कोरड्या विहिरीत दगड ढकलावेत तसा गुरगुरायचा. मला ते कधी आवडलं नाही. चाली मात्र चांगल्या होत्या, हे मी तेव्हाही तोंडावर सांगायचे.

पहिली टेप त्यांनी माझ्या मागच्या खोलीत केली, गाद्या भिंतींना उभ्या करून, माझ्याच रेकॉर्डरवर. मी कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थिनींना धडे टेप करून पाठवायचे, त्यासाठी घेतलेला तो रेकॉर्डर. त्या वर्षी दोघींनी कळवलं होतं की बाई फार घाईत बोलतात. मी मनावर घेतलं नाही. बोलतेच मी घाईत.

चार गाणी झाली. बांबूने आपल्या घरच्या मशीनवर दोनशे प्रती काढल्या आणि पोस्टाने जिकडे तिकडे पाठवल्या. त्या वर्तुळात तेव्हा तसंच चालायचं, ओळख ना पाळख, एकमेकांना टेपा पाठवायच्या. पाच महिन्यांनी दूरच्या देशातल्या, झेरॉक्स काढून विकल्या जाणाऱ्या एका मासिकात सहा ओळी छापून आल्या. त्यातल्या चार ठोक्यावर होत्या. ड्रम वाजवणारा माणूस नाही, यंत्र आहे, असं त्यात म्हटलं होतं. असा वेग कोणी ऐकलेला नव्हता. बांबूला आपली गिटार जरा वरच्या पट्टीत वाटली होती, पण एवढ्या कौतुकापुढे पट्टीकडे कोण बघतो.

टेप केल्याला दीड वर्ष झालं आणि माझा मुलगा गेला. मेंदूज्वर, नऊ दिवस. त्यावर मला इथे काही लिहायचं नाही.

बँड थांबला नाही, आणि थांबू नये असं मीच सांगितलं. नवा गाणारा आला, पहिला मोठा कार्यक्रम ठरला. समोर हजारभर पोरं, आणि सगळी ओरडत होती ती त्या टेपवरच्या पहिल्या गाण्यासाठी. ठोक्याने ते टेपच्या वेगाने सुरू केलं. अर्ध्यावर त्याचे दंड आखडले आणि उजव्या हातातली काठी निसटून लोकांत गेली. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं की वडील ऐकत नाहीत, लिफ्ट कंपनीत कायमची नोकरी मिळतेय, मी बँड सोडतो. बांबूने त्याला भित्रा म्हटलं. मग वर्षं गेली तशी ती गोष्टही गुळगुळीत झाली आणि तिची दंतकथा झाली: जगात कोणाला जमणार नाही एवढं वाजवणारा माणूस सगळं टाकून लिफ्ट दुरुस्त करायला गेला. अजूनही कुठली कुठली पोरं त्याचा पत्ता काढून येतात आणि त्याच्या हातांचे फोटो घेऊन जातात. तो मान खाली घालून हात पुढे करतो. मला वाटायचं, लाजतो. त्याच्या मुलीने ते मासिकाचं पान काच लावून बैठकीच्या भिंतीवर ठोकलं आहे. पोरगी प्रयोगशाळेत रक्त तपासते, चार लोकांत बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

गेल्या वर्षी बांबूच्या डोक्यात आलं की तीस वर्षांत राहून गेलेलं, कुठल्याच रेकॉर्डवर न आलेलं सगळं एकत्र काढायचं. कच्च्या टेपा, तालमी, अर्धी सोडलेली गाणी. सर्वांत आधी अर्थातच ती पहिली टेप. माझी परवानगी हवी म्हणून तो फोनवर गाणं घेऊन आला. ठोक्या चहा पीत होताच, लिफ्टचा दिवस होता.

बांबूने गाणं लावलं. सुरुवातीला, ड्रम सुरू होण्याआधी, माझा मुलगा मला काहीतरी सांगतो. घरात त्याचा साधा, बोलण्याचा आवाज एवढाच उरला आहे, दहा-पंधरा शब्द. ती टेप मी एकदाच लावली होती, तो गेल्यावर महिन्याने, आणि कपाटात ठेवून दिली होती.

"हा त्याचा आवाज नाही," मी म्हटलं.

"काकू, असं काय करता? त्याचाच आहे."

"हे पोर तेरा वर्षांचं वाटतं. माझ्या मुलाने विसाव्या वर्षी दारातून हाक मारली की फडताळातले पेले वाजायचे."

बांबू हळू आवाजात बोलला, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसा. "तीस वर्षं झाली काकू. आठवण बदलते. माझ्या आईचंही असंच होतं."

त्याच्या आईला सहा महिन्यांपासून स्वतःचं घर ओळखता येत नाही. ठोक्याने कप खाली ठेवला, लिफ्टची वही उचलली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. दारात ठोक्या, कामाच्या कपड्यांत, पण हत्यारांची पिशवी नव्हती.

"काकू, तुमची आठवण बरोबर आहे. टेप चुकीची आहे."

"आत ये आणि नीट सांग."

तो आत आला पण बसला नाही. रेकॉर्डरच्या आत एक रबरी पट्टा असतो, मोटारीची ताकद चाकाला पोचवणारा. माझ्या रेकॉर्डरचा तो सैल झाला होता. त्यामुळे टेप करताना फीत हळू सरकली. अशी फीत चांगल्या मशीनवर लावली की पळते. ड्रम पळतात, गिटार चढते, आवाज पोरकट होतो. एवढं त्याने एका दमात सांगितलं, वहीतली नोंद वाचावी तसं.

मला माझ्या त्या दोन विद्यार्थिनी आठवल्या. "तुला कधी कळलं?"

"टेप केली त्याच्या पुढच्या आठवड्यात. मशीन बंद पडलं तेव्हा तुम्ही मलाच उघडायला दिलं होतं. पट्टा मी बदलला."

"आणि बोलला नाहीस."

"आधी गंमत वाटली. मग ते मासिक आलं. मला वाटलं, अजून सहा महिने रियाज करतो, तेवढा वेग येईल हाताला. मग खोटं राहणारच नाही."

"आला?"

"नाही. तो वेग हाताचा नाहीच, काकू. पट्ट्याचा आहे."

मी कधी आरडाओरडा करत नाही, वर्गात त्याची सवय मोडली. "दर महिन्याला तू या खुर्चीत बसून चहा पितोस," मी म्हटलं. "तीस वर्षांचे महिने किती झाले ते तूच सांग. सह्या तूच करतोस. एवढे महिने माझ्या कपाटात माझ्या मुलाचा आवाज होता आणि मी तो ऐकू शकत नव्हते."

"मला वाटलं तुम्ही लावतच नाही."

"का लावत नाही, हे विचारलंस कधी? त्यात तो मला परका वाटला."

काल एका माणसाने मला वेड्यात काढलं तेव्हाही हा समोर बसला होता, हे मी बोलून दाखवलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो आला होता. त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही. दार लावताना मात्र सांगितलं, "शनिवारी मला तिथे घेऊन चल. जिथे त्या टेपा साफ करताहेत."

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. भिंतींना राखाडी फोम, जुनं मोठं टेप मशीन, दोन स्पीकर आणि खुर्च्या कमी. टेपा साफ करणारी मुलगी तिशीतली होती, केस आखूड कापलेले, बोलणं त्याहून आखूड. बांबू आधीच येऊन बसला होता. ठोक्याने त्याच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. बांबूने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं ते हे: "म्हणजे त्या कार्यक्रमात तू..."

"हो."

"मी तुला भित्रा म्हटलं होतं."

"तेही होतोच."

मुलगी म्हणाली, "शंका मला आली होती. पण सगळ्यांना हीच टेप पाठ आहे, म्हणून हात लावला नाही. आता खरा वेग काढायचा कसा?"

"विजेची गुणगुण असेल ना मागे?" ठोक्याने विचारलं. "गिटारच्या डब्यातून येते ती. ती कुठेही एकाच सुरात असते. मी दिवसभर तीच ऐकतो."

मुलीने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. गाण्यांमधल्या शांत जागेत तिने ती गुणगुण शोधली, मोजली, आणि ती मूळ सुरावर येईपर्यंत टेपचा वेग उतरवला. दहा मिनिटांचं काम. तीस वर्षं आणि दहा मिनिटं. मग तिने पहिलं गाणं सुरुवातीपासून लावलं.

"आई, दार ओढून घे. बेल वाजली तरी येऊ नकोस, समज दुकान दहा मिनिटं बंद आहे."

तो माझा मुलगा होता. सकाळी झोपेतून उठल्यावर असायचा तसा थोडा घोगरा, आणि मागे मी दार ओढल्याचा आवाज. मी मुलीला थांबव म्हणाले नाही, पुन्हा लाव असंही म्हणाले नाही. गाणं पुढे गेलं. त्याचं गुरगुरणं आता खरंच खोलातून येत होतं, गिटारी जड झाल्या होत्या, आणि ठोक्याचे ड्रम एखाद्या चांगल्या, मेहनती पोराने वाजवावेत तसे वाजत होते. तेवढेच. एके ठिकाणी ताल किंचित मागे पडला तेही ऐकू आलं. वेगात ते झाकलं गेलं होतं. ठोक्या जमिनीकडे बघत होता.

गाणं संपल्यावर बांबूने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "काकू, एक करू. ही प्रत तुम्हाला देतो, तुमच्यासाठी. रेकॉर्डवर मात्र लोकांना माहीत आहे तीच जाऊ दे. तुमचं काम झालं, याचंही नाव राहिलं. कोणाला काही कळायचं कारण नाही."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मला आवाज हवा होता, तो मिळाला होता. कोणाचं नाव पुसायला मी गेले नव्हते, आणि राग मोठा असला तरी या माणसाच्या घरातली ती भिंत मी पाहिलेली आहे. "मला चालेल," मी म्हटलं.

"मला नाही चालणार," ठोक्या म्हणाला.

"अरे, तुझं काय जातंय?" बांबू बोलून गेला आणि स्वतःच थांबला. "म्हणजे, तुझंच तर जातंय. लोक म्हणतील तीस वर्षं फसवलं."

"म्हणू दे. फसवलंच आहे."

"तुझ्या खरेपणापायी बँडचं हसं होईल."

"लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं म्हणून. ती दोर बघून लावतात. पाटी आवडली म्हणून दोर तेवढा मजबूत आहे असं धरून चालत नाहीत. मी तसंच धरून चाललो, तीस वर्षं. आणि त्याच्या गळ्यावर," त्याने स्पीकरकडे हात केला, "माझी पाटी आहे. तो तेरा वर्षांच्या पोरासारखा ऐकू येतो, तो माझ्या वेगापायी. पुन्हा छापलं तर पुढची तीस वर्षं तसाच राहील. खरीच छापा. आणि रेकॉर्डच्या पाकिटात लिहा, मागची टेप वेगात होती आणि ड्रमवाल्याला ते माहीत होतं."

मुलीने पेन घेतलं. बांबू उठून खिडकीशी गेला. त्याला नाही म्हणायचं असावं, पण त्याने म्हटलं नाही.

"दोन मिनिटं," ठोक्या म्हणाला आणि फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला. दार अर्धं उघडं राहिलं. फोन त्याच्या मुलीला होता, आणि त्याच्या बाजूचं सगळं आम्हा तिघांना ऐकू येत होतं.

"जेवलीस का?... नाही, तब्येत ठीक आहे. ऐक जरा. ती पहिली टेप आहे ना, ती वेगात आहे... टेप ग. मी नाही... म्हणजे मी तेवढं वाजवलेलंच नाही... नाही, दुसरं कोणी नव्हतं. मीच. हळू वाजवलंय... बरं वाजवलंय. एवढंच... कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून... हो. तू फ्रेम करून आणलीस तेव्हाही... हं... हं. काकूंनी नाही. मीच सांगितलं... सांग लोकांना तसंच. बापाने खोटं सांगितलं म्हणून सांग, तू कशाला खाली बघतेस."

खाली छापखान्यातलं मशीन सुरू होऊन बंद झालं.

"काढ," तो म्हणाला. "काढायची तर काढ. पण स्क्रू जपून, प्लास्टर निघेल भिंतीचं."

तो आत आला. डोळे पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला आणि आधी हात पुसले. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि टेपा साफ करणाऱ्या मुलीला म्हणाला, "दुसरं गाणं लावा."