दौलताबादचा किल्ला, आठवीचा वर्ग आणि म्यूटचं बटन

दौलताबादला मी एकटीच गेले, आणि तरी अख्खा वर्ग बरोबर होता. कसा ते सांगते. डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा बोलण्यात तिखट जास्त पडलं तर सांभाळून घ्या.

करमाडजवळच्या एका शाळेत मी आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. यंदा हेडसरांनी सहलच कापली. "बस, परवानग्या, कुणाला उलट्या होतात, कोण हरवतं! नुसती कटकट. तुम्ही किल्ल्यावर जा, मोबाइलवरून दाखवा, पोरं वर्गातल्या टीव्हीवर बघतील. जमलं तर पुढच्या वर्षीपासून सहलीचं नावच नको." झाली का माझी पंचाईत? चांगलं दाखवलं तर पोरांची सहल कायमची गेली, वाईट दाखवलं तर माझी अब्रू गेली.

वर्गाची मॉनिटर आरती आदल्या दिवशी विचारायला आलीच. "मॅडम, किल्ल्यात ती काळोखी वाट हाय ना, अंधारी? तिच्यातून टीव्हीत कसं चालायचं?"

"तू गप बस. दाखवते सगळं," मी म्हटलं.

आता या गप्प बसवण्याचंच सांगते. मागच्या ऑनलाइन तासाला पोरांनी मांजरांचे आवाज काढून मला रडकुंडीला आणलं होतं. म्हणून या वेळी मी आधीच ठरवलं: वर्गाचा आवाज माझ्याकडून बंद, चॅट बंद. वर्गातला लॅपटॉप गणिताचे शेख सर सांभाळणार होते. त्यांनाही बजावलं, "काही झालं तरी मला फोन करू नका, लाइव्ह तुटतं."

सकाळच्या पॅसेंजरनं करमाडहून मुकुंदवाडीला उतरले. स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले, बरे होते. तिथून रिक्षानं मध्यवर्ती बसस्थानक. रिक्षावाल्यानं सांगितलेलं भाडं ऐकून मी खाली उतरायलाच निघाले, मग आला वाजवी भावावर. पुढं एसटीनं जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. छावणी ओलांडली की गर्दी सुटते आणि जरा वेळानं तो डोंगर दिसतो, खालून सरळ तासलेला. इतक्या वेळा पाहिलाय, तरी दर वेळी मान वर करून बघत राहते.

किल्ल्याच्या दारात तिकीट मोबाइलवर काढा म्हणे. माझा मोबाइल गोल गोल फिरतोय, मागं रांग कुरकुरतेय, तिकडं वर्ग भरलाय आणि हेडसर मागच्या बाकावर येऊन बसणार आहेत. शेवटी मागच्या एका ताईंनी त्यांच्या मोबाइलवरून माझंही तिकीट काढलं. तुम्ही जाल तेव्हा तिकीट घरूनच काढून निघा, आणि पाणी भरपूर घ्या.

आत शिरल्यावर लाइव्ह सुरू केलं. "नमस्कार मुलांनो" म्हणून हात हलवला, कॅमेरा उलटवायचं बटन दाबलं, बॅटरी टिकावी म्हणून स्क्रीनचा उजेड कमी केला, डोळ्यांवर नवा काळा गॉगल चढवला आणि निघाले. यादव, खिलजी, तुघलक, निझामशाही, मोगल, सगळ्यांना कामाला लावलं. चांद मिनार दाखवला, मेंढा तोफ दाखवली. खंदकावरच्या पुलावर तर वाकून वाकून दाखवला तळ. वाकताना मोकळ्या हातानं कठडा गच्च धरला होता.

वाटेत एक जांब, म्हणजे पेरू, विकणारे चाचा बसले होते. बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाले, "बाजी, किससे बात कर रै?"

"वर्ग चालू आहे, चाचा. पोरं बघतायत."

"किसीकी आवाज तो आतीच नै."

"मीच बंद केलाय आवाज."

"अच्छा! घरवालों के लिए भी मिलता क्या ये बटन?"

मी हसले, मीठ-तिखट लावलेले जांब घेतले आणि अंधारीत शिरले. "आता श्वास रोखा!" असं ओरडतेय तोच रेंज गेली. वटवाघळांचा वास, ओली पायरी, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात जांब. कशीबशी पलीकडं निघाले, सावलीत बसले, गॉगल काढला आणि लाइव्ह परत लागलं का ते बघितलं.

लागलं होतं. स्क्रीनवर मी होते. अगं बाई! ते बटन एक तर दाबलंच गेलं नव्हतं, नाही तर दोनदा दाबलं गेलं होतं. एवढा वेळ पोरांनी दौलताबादच्या किल्ल्यात फक्त मला पाहिलं होतं!

घाईघाईनं वर्गाचा आवाज सुरू केला. एकदम गलका कानात शिरला. शेख सर म्हणत होते, "मॅडम, तुम्हीच फोन करू नका म्हणाला होता!" त्यांच्यावरून आरती ओरडली, "अंधारीत तुमचं उघडं तोंड अडकून बसलं होतं, मॅडम! तुमचं तोंड तर आम्ही रोज बघतो. किल्ला बघायचाय आम्हाला!"

मग हेडसरांचा आवाज आला. ते हसत होते. मी त्यांना एवढं हसताना कधी ऐकलेलं नाही. "पोरांचं बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "बसची चौकशी करा."

परतताना शहरात नान-खलिया खायचा बेत होता, पण लाजेनं भूकच मेली होती. थेट घर गाठलं.

तर अब्रू गेली आणि सहल मिळाली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "खंदक किती खोल आहे?" पुढच्या बाकावरून उत्तर आलं, "लई खोल. तुम्ही भ्यालात ना, ते दिसलं." मला रागही आला आणि बरंही वाटलं. त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राचा धडा होता अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. मी नाव उच्चारलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी तरी कुठल्या तोंडानं रागावणार?

सहलीची संमती पालकांकडून ऑनलाइन फॉर्मवर मागवली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची आली. शेवटी 'सूचना' असा एक रकाना ठेवला होता, तो बहुतेकांनी कोरा सोडला. आरतीच्या वडिलांच्या मोबाइलवरून मात्र सूचना आली होती, आणि ती कुणी लिहिली हे मला वेगळं सांगायला नको:

"मॅडमनी किल्ल्यावर खुशाल बोलावं. फक्त मधी उभं राहू नये."